मीनाक्षीचा मुक्काम वाढला

५ जानेवारी

कंपनीची डायरी दरवर्षी मिळते आणि दरवर्षी मी ती कोणाला तरी देऊन टाकतो. आज घरात बोलायला कोणी नाही म्हणून उघडली.

मीनाक्षी सकाळी कोकणात गेली, समोरच्या बिल्डिंगमधल्या महेजबीन मॅडमबरोबर. दोघी पूर्वी एकाच शाळेत शिकवायच्या. मॅडमची थोरली बहीण वहिदा हर्णैला असते, तिचे मिस्टर तिथल्या शाळेत मास्तर आहेत. पाच दिवस राहायचं, समुद्र बघायचा आणि परत यायचं. मीच म्हणालो होतो, जाऊन ये. नोव्हेंबरात माझे वडील, आप्पा, गेले. पक्षाघातानंतर सहा वर्षं ते अंथरुणावर होते आणि त्यांचं सगळं मीनाक्षीनं केलं. नोकरी सोडून केलं. आमच्या नातेवाइकांत अजून तिचं उदाहरण देतात. विश्रांतीचा तिला हक्कच आहे.

तयारी मात्र अशी, की जणू वर्षभर चाललीय. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. सिलिंडर कसा बदलायचा ते माझ्याकडून दोनदा करून घेतलं. फ्रिज धुतला. निघताना आप्पांच्या खोलीत बराच वेळ उभी राहिली. तिथं आता काही नाही, कॉटसुद्धा देऊन टाकली. मी म्हटलं, बस चुकेल.

सिडको स्टँडवर सोडलं. खिडकीतून म्हणाली, तब्येत सांभाळा. मी म्हटलं, पाच दिवसांत काय होतंय तब्येतीला.

७ जानेवारी

फोन लागला. समुद्र कसा आहे विचारलं. मोठा आहे, म्हणाली. मला हसू आलं.

आज नळाला पाणी येऊन गेलं आणि मला कळलंच नाही. आमच्या गारखेड्यात आठवड्यातून एकदा येतं, तेही वेळी-अवेळी. मीनाक्षीला पाइपातल्या हवेचा आवाज झोपेतही ऐकू येतो. टाकी कोरडी राहिली. टँकर सांगितला.

१० जानेवारी

महेजबीन मॅडम एकट्याच आल्या.

मी हाफ डे टाकून स्टँडवर गेलो होतो. सगळी बस उतरली तरी मी पायरीकडे बघत राहिलो. मॅडम म्हणाल्या, अजून आठ दिवस राहते म्हणाली, माझ्या बहिणीकडे वरची खोली रिकामीच आहे, मी लई सांगितलं पण ऐकलं नाही. माझ्याकडे न बघता बोलत होत्या. प्रवासानं थकल्या असतील.

घरी येऊन फोन केला. "मला आधी सांगायचं तरी," म्हटलं.

"सांगणार होते."

आठ दिवसांनी नक्की ना, विचारलं. बघू, म्हणाली. या वयात ही कसली हौस? मी रागानं फोन ठेवला आणि मग संध्याकाळभर तो हातातच धरून बसलो.

१४ जानेवारी

संक्रांत. आप्पांचं वर्ष व्हायचंय म्हणून सण नाही. कंपनीत तिळगूळ वाटले. वहिनी कशा आहेत, विचारत होते. माहेरी गेलीय, सांगितलं. खोटं का बोललो कळत नाही.

दुपारभर फोनवर वाचत होतो, लोकांना समुद्रकाठी राहायला का आवडतं. बरंच सापडलं. लाटांचा आवाज एकसारखा असतो, त्यामुळं मेंदू पहाऱ्यावरून उतरतो. हवा खारी असते. समोर काही नसतं, त्यामुळं डोळ्यांना विसावा मिळतो. पूर्वी डॉक्टर हवापालटाला समुद्रावरच पाठवायचे. सगळं पटण्यासारखं आहे. पण मी तीस वर्षं वाळूजच्या कंपनीत क्वालिटी बघतो. एखादी वस्तू महाग पडत असेल तर तेच काम स्वस्तात करणारी दुसरी शोधायची सवय आहे.

संध्याकाळी तिला सांगितलं, "पैठणला नाथसागर आहे की. पलीकडचा काठ दिसत नाही. वारा सुटला की लाटासुद्धा येतात. दर रविवारी जात जाऊ."

"बरं."

"मग येतेस?"

बराच वेळ फोनमध्ये नुसता समुद्रच वाजत होता. मग म्हणाली, "तुम्ही जेवलात का?"

१८ जानेवारी

आठ दिवस होऊन गेले. विषय काढला की ती जेवणाचं विचारते.

आज तिच्या फोनचा चार्जर बेडरूमच्या प्लगला लावलेला दिसला. म्हणजे वहिदाचा वापरत असणार. थायरॉइडच्या गोळ्यांचा डबाही फ्रिजवर तसाच आहे, गोळ्यांची एक पट्टीही नेलेली नाही. डब्यांना चिठ्ठ्या लावणारी बाई स्वतःच्या गोळ्या विसरते! उद्या दोन्ही कुरिअर करतो. कपाट उघडलं तर अर्धं रिकामं. कामाच्या मुक्ताबाईंनी सांगितलं, ताईंनी साड्या वाटून टाकल्या, म्हणाल्या आता सुटसुटीत राहायचंय. पन्नाशीनंतर बायका अशा होतात असं ऐकलं होतं.

घर फार शांत आहे. आप्पांना बोलता येत नव्हतं. काही हवं असलं की चमच्यानं वाटी वाजवायचे. ते गेल्यावरही मीनाक्षी दचकून उठायची, वाटी वाजली का विचारायची. नाही, झोप, असं मी सांगायचो आणि कूस बदलायचो. आता कोणी दचकत नाही. मला झोप नाही.

२० जानेवारी

पुण्याहून ओवीचा फोन आला. नोकरी लागल्यापासून ती आठवड्यातून एकदा करते, आज दोनदा केला. आईशी बोलणं झालं का, काय म्हणाली, कशी म्हणाली. मग सांगते, डिसेंबरात आली होती तेव्हा आईनं तिला स्वतःच्या पाटल्या दिल्या. मी ओवीला समजावलं, कधीतरी तुलाच द्यायच्या होत्या. ओवी म्हणाली, "बाबा, आईनं मला मांडीवर झोपवून घेतलं. मी सव्वीस वर्षांची आहे."

चांगलं आहे की. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ छातीत काहीतरी अडकल्यासारखं होतं. ॲसिडिटी असेल. बाहेरचं खातोय.

२२ जानेवारी

वहिदाचा फोन. प्रथमच. मूळच्या खुलताबादच्या, त्यामुळं बोलणं आपल्याकडचंच.

"भाईसाब, एकदा येऊन जा तुम्ही," म्हणाल्या.

त्रास होतोय का तुम्हाला, विचारलं. त्रास कसला, म्हणाल्या, बहिणीसारखी राहते, भांडीसुद्धा घासू लागते. पण सकाळी खाली उतरते ती दिवस मावळेपर्यंत वर येत नाही. पाण्यात जाऊन उभी राहते. हाक मारली की लगेच वळत नाही.

मी म्हटलं, लोक त्यासाठीच येतात ना तिकडं. कंपनीत ऑडिट आहे, तीन फेब्रुवारीला स्वतः येतो आणि तिला घेऊनच जातो, असं सांगितलं. तिलाही सांगून ठेवा म्हटलं, म्हणजे सामान बांधून ठेवेल.

बरं वाटतंय. तारीख ठरली की निम्मं काम होतं.

२४ जानेवारी

गाडीत लिहितोय. अक्षर हलतंय.

ऑडिट चालू असताना वहिदाचा फोन आला. मीनाक्षी सकाळपासून दिसत नाही. चहा न घेता गेली. मास्तर आणि शेजारचे किनाऱ्यावर शोधतायत.

मी गेटच्या बाहेर कसा आलो आठवत नाही. महेजबीन मॅडमना फोन केला, त्या शाळेतून तशाच आल्या. आता मागच्या सीटवर बसून रडतायत. गाडी भाड्याची आहे. नगरच्या पुढं त्यांनी सांगितलं, जाताना मीनाक्षीनं परतीचं बुकिंग करू दिलं नव्हतं. तुझं कर, माझं नको, म्हणाली. "मला वाटलं, आणखी राहायचं असेल. मी परत आले तेव्हा तुम्हाला सांगायला पाहिजे होतं, भाऊ."

परतीचं तिकीट. चार्जर. गोळ्या. पाटल्या. एका लॉटमध्ये एकाच दिशेचे तीन दोष सापडले तर मी लाइन थांबवतो. साहेबांनासुद्धा विचारत नाही.

ओवीला पुण्यात घ्यायचं आहे. तिला काय सांगू? देवा, ती फक्त रागावून कुठं बसलेली असू दे. माझ्यावर रागावलेली असू दे.

ओवी गाडीत बसली. काही विचारलं नाही. माझा हात धरून बसलीय. तिच्या हातात पाटल्या आहेत.

ताम्हिणी उतरताना रेंज गेली. ड्रायव्हरला सांगितलं, हळू नको. माणगावला रेंज आली आणि लगेच फोन वाजला. उचलण्याचं धाडस होईना. ओवीनं उचलला.

सापडली. आहे.

२५ जानेवारी

पोचलो तेव्हा ती झोपलेली होती. उठवू नका, म्हणाल्या वहिदा. ओवी तिच्या शेजारी जाऊन पडली. मी दारातून बघितलं. किती बारीक झालीय. की आधीपासूनच होती?

सकाळी वहिदांनी सगळं सांगितलं. ती किनाऱ्यानं चालत मुरूडच्या बाजूला निघून गेली होती. तिथं सुकट वाळत घालणाऱ्या बायकांनी तिला पाण्यातून येताना पाहिलं. कमरेपर्यंत भिजलेली, थरथरत होती. त्यांनी काही विचारलं नाही. एकीनं आपला कोरडा गाऊन तिच्या अंगात घातला आणि सुकट पसरायला जवळ बसवून घेतलं. दुपारी कोणीतरी ओळखलं, ही तर मास्तरांकडची पाहुणी.

"पण कालच का?" मी विचारलं. "इतके दिवस बरी होती ना."

वहिदा चुलीकडे बघत म्हणाल्या, "परवा मी तिला सांगितलं, तुम्ही न्यायला येणार म्हणून."

२६ जानेवारी

शाळेतल्या लाउडस्पीकरवर देशभक्तीची गाणी चालली होती. ती खाली वाळूवर बसली होती. मी जाऊन शेजारी बसलो. काय बोलायचं ते गाडीत ठरवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना. शेवटी विचारलं, इथं काय आहे गं?

तिनं मूठभर वाळू घेतली आणि सोडली. मग एकदम बोलू लागली, वर्गात धडा सांगावा तसं, सपाट आवाजात.

"मी इथं राहायला आले नव्हते. तुम्हाला कळलं असेल आता. पहिल्याच संध्याकाळी उतरले. मला भरती-ओहोटी काय माहीत? मी पुढं जाईन तसं पाणी मागं जायचं. चालतेय, चालतेय, पाणी घोट्याच्या वर येईना. आयुष्यभर पाण्याची वाट बघितली आणि समुद्रालासुद्धा माझ्या वेळेला पाणी नाही. मला हसायला आलं. एकटीच हसले. तेवढ्यात वहिदानं जेवायला हाक मारली."

दुसऱ्या दिवशी म्हटलं उद्या. मग परत उद्या. असं करत राहिले, म्हणाली.

"इथं त्या वाटीचा आवाज येत नाही हो. घरी दिवसरात्र यायचा. आप्पा गेल्यावर जास्तच यायला लागला. इथं लाटांमध्ये बुडून जातो. आणि हे समोर एवढं मोठं आहे, पण त्याला माझ्याकडून काही नको असतं. कूस बदलायला नको, पुसायला नको, भरवायला नको. मी बसले तरी चालतं, नसले तरी चालतं. याच्यासमोर मी नसल्यासारखं राहू शकते. त्यासाठी मरायला लागत नाही, हे मला इथं कळलं."

आणि मग मी न्यायला येणार असं कळलं.

मी विचारलं, "माझं काय चुकलं, मीना? मी काय केलं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता. "तुम्ही काही केलं नाहीत."

तेव्हा मला एकदम हलकं वाटलं. रागावलेली नाही म्हणून. आता पडवीत बसून लिहिताना तेच वाक्य पुन्हा पुन्हा आठवतंय आणि प्रत्येक वेळी थोडं वेगळं ऐकू येतंय.

३१ जानेवारी

दापोलीला मानसोपचाराचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. ओवीनं नंबर लावला. डॉक्टर तरुण आहेत, हळू बोलतात. आधी मीनाक्षीशी एकटीशी बोलले, मग मला आत बोलावलं. हा आजार आहे, म्हणाले, बरा होतो, वेळ लागतो. गोळ्या चुकवायच्या नाहीत. काही दिवस एकटं सोडायचं नाही. मनात पुन्हा तसं आलं तर कोणाला सांगायचं, ते त्यांनी तिच्याच तोंडून वदवून घेतलं. वहिदा, ओवी, महेजबीन. मग ती थांबली. मी खुर्चीच्या कडेवर बसलो होतो. डॉक्टर वाट बघत राहिले. "आणि हे," म्हणाली.

यापूर्वी घरात कोणाला हे बोलून दाखवलं होतंत का, असं त्यांनी तिला विचारलं.

"ह्यांना सांगितलं होतं. तीनदा."

मी म्हटलं, कधी? ती म्हणाली, जाऊ दे. डॉक्टरांनी विषय बदलला. परत येताना एसटीत मी एकेक महिना आठवत आलो. मला एकदाही आठवत नाही. ती खोटं बोलत नाही. म्हणजे तिनं सांगितलं, मी तिथंच होतो आणि मला आठवत नाही.

९ फेब्रुवारी

बिनपगारी रजा टाकली. साहेब नाखूश आहेत. महेजबीन मॅडम शाळेसाठी आधीच परतल्या. ओवी परत पुण्याला गेली, शनिवारी येते. वरच्या खोलीत आम्ही दोघं आहोत. स्वयंपाक मी करायला शिकतोय. वहिदा माझ्या पोळ्या बघून हसतात.

काल त्यांना म्हटलं, तुमचं नशीब, रोज समुद्र. त्या म्हणाल्या, "इथल्या बायकांना विचारा भाईसाब, समुद्र आवडतो का. घरचा माणूस त्यावर गेलेला असतो. नजर लावून बसावं लागतं. आवडायला फुरसत पाहिजे. मी नवी नवरी आले तेव्हा ह्या आवाजानं डोकं उठायचं, महिनाभर रडले. आता खुलताबादला गेले की झोप येत नाही. इतकं सुनं वाटतं."

मीनाक्षी कधी कधी चांगली असते. काल केस विंचरून आली. आज मात्र भिंतीकडे तोंड करून दिवसभर पडून होती. गोळी घेतली, पण मी पाणी दिलं ते हातात धरून बसली, ग्लास कलंडला. मी पुसलं. ती पुसणाऱ्या माझ्या हाताकडे बघत होती. घरी कधी जायचं, हे विचारायचं नाही असं ठरवलंय. पण मनातून जात नाही. इथं राहून हिला बरं वाटेल, की इथं हे पाणी इतकं जवळ आहे? कुठं नेऊ? गारखेड्यात आप्पांची ती खोली, तो वाटीचा आवाज. इथं हे. झोपेत तिचा श्वास चालू आहे ना ते बघतो. एकदा मला बघताना तिनं पाहिलं.

१६ फेब्रुवारी

ती एकटी खाली गेलीय.

परवाच डॉक्टरांनी विचारलं, काय हवंय. एकटीनं फिरून यायचंय, म्हणाली. डॉक्टरांनी तिला बरेच प्रश्न विचारले, माझ्यासमोरच. मग म्हणाले, जाऊ द्या. वहिदांना ठाऊक असावं, वेळ ठरवून जावं, दिवस मावळायच्या आत परत यावं. मी रस्ताभर डॉक्टरांवर चिडलो होतो. त्यांचं काय जातं.

जाताना म्हणाली, "मागं येऊ नका. आलात तर मला कळेल."

म्हणून लिहितोय. हातात पेन असलं की पाय उठत नाहीत. तरी मघाशी गेटपर्यंत जाऊन आलो. वहिदा खिडकीतून म्हणाल्या, बसा भाईसाब. मी बसलो. पडवीतून समुद्र दिसत नाही, मधे माड आणि जाळी वाळत घातलेलं अंगण. नुसता आवाज. भरती आहे का ओहोटी ते मास्तर आवाजावरून सांगतात. मला कळत नाही. मास्तर आज नेमके दापोलीला गेलेत.

भात टाकला. झाकण काढून बघितलं, परत ठेवलं.

तिनं तीनदा सांगितलं होतं. आज परत आली आणि चौथ्यांदा सांगितलं तर मी ऐकेन. पण ऐकणं म्हणजे काय ते मला येतं का? डॉक्टरांसमोरही मी मधे बोललोच.

ऊन माडांच्या शेंड्यावर गेलं. शेजारची पोरं क्रिकेट आटपून घरी निघाली. त्यांना विचारावं, कोणी बाई दिसली का. विचारलं नाही. वहिदा बाहेर येऊन पायरीवर बसल्यात. तांदूळ निवडायला घेतलेत, पण निवडत नाहीयेत. गेटाकडे बघतायत. म्हणजे त्यांनाही.

ऊन गेलं. अजून उजेड आहे. उजेड आहे तोपर्यंत मी उठणार नाही. इथून पुढं काय लिहू?

वहिदा उठल्या. गेट वाजलं.

आली. पायाला गुडघ्यापर्यंत वाळू, केस वाऱ्यानं विस्कटलेले, ओढणी एका बाजूला भिजलेली. मी वही खाली ठेवून उभा राहिलो. ती पायरीवर बसली, पाय झाडले आणि म्हणाली, "भूक लागलीय. काय केलंत?"

वरणभात, म्हटलं. भात खाली लागलाय जरा.

"वाढा."

वाढला. ती जेवत होती आणि मी समोर बसून होतो. तिनं ताट पुढं केलं. पुन्हा मागितला.